नंदाखालच्या देव्हाऱ्यातलं रोमन नाणं

विरारला उतरले आणि थेट पूर्वेला बाहेर पडले. फुलपाड्यात पोचल्यावर रिक्षावाला म्हणाला, "मावशी, नंदाखाल वेस्टला. तुम्ही उलट्या आलात." साताऱ्याहून एवढ्या लांब यायचं आणि शेवटी इथे चुकायचं! वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणारी माझी भाची सोबत यायला तयार होती. पण मला कशाला हवंय कोणी? सारी नोकरी संग्रहालयात नाणी ओळखण्यात गेलेली बाई मी. तोरा होता अंगात.

पूल ओलांडून आगाशीकडची बस धरली. इमारती संपल्या आणि दोन्ही अंगांनी वाड्या (नारळी-केळीच्या बागा) सुरू झाल्या. हवा एकदम गार झाली.

भाचीच्या ऑफिसातल्या प्रकाशकडे मी निघाले होते. घराचं काम काढलेलं, नवा संगमरवरी देव्हारा आलेला. आईच्या पूजेतली जुनी चकती त्यात बसवायची की नाही, यावरून मायलेकांत वाजलं होतं. सोनाराने ती खेळण्यातली ठरवली होती. प्रकाशची आई विमलताई मात्र तिला देवी म्हणून पुजत आल्या होत्या, त्यांच्याआधी त्यांच्या सासूबाईही. खरं काय ते मी बघून सांगायचं होतं.

"आधी खा, मग बघा," म्हणत विमलताईंनी सुकेळी (वाळवलेली केळी) पुढे केली. मधासारखी गोड! दोन खाल्ली, तिसरी हातात घेतली, तेव्हा कुठे ताम्हन समोर आलं.

चकती रुपयापेक्षा लहान, चांदीच्या रंगाची. बसलेल्या बाईची नुसती आकृती उरली होती. दर दिवाळीला चिंच आणि रांगोळीने घासून नाक-डोळे कधीच गेले होते. मी भिंग लावलं आणि फटकन बोलून गेले, "जत्रेतला बिल्लाच दिसतोय."

"बघ, आई!" प्रकाश म्हणाला.

विमलताईंनी ताम्हन स्वतःकडे ओढून घेतलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला माझीच लाज वाटली. अर्धं नाणं बघून निकाल द्यायचा? यासाठीच तर मी नव्या पोरांना झापायचे!

"मागची बाजू दाखवता?"

"नाय हो. देवीची पाठ बघायची नाय, घासायची नाय. सासूबाईंनी बजावलंय."

मी कान टवकारले. "ताई, म्हणजे ती बाजू कुणी घासलेलीच नाही!"

त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मग हात जोडून म्हणाल्या, "आई, रागवू नको," आणि त्यांनी स्वतःच ती उलटी केली.

कुंकवाचा, तेलाचा जाड थर. कोमट पाणी, कापूस आणि भरपूर धीर. आधी मान दिसली, मग धारदार नाक, डोक्यावर पानांचा मुकुट आणि कडेने रोमन अक्षरं: टी, आय, पुढे सीझर. अगं बाई! "तिबेरियस!" मी ओरडलेच. रोमचा बादशहा! त्याच्या या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला तो आणि दुसरीकडे डहाळी घेऊन बसलेली बाई असते. आणि परदेशी जहाजं जिथे लागायची ते जुनं सोपारा बंदर इथून फार लांब नाही.

"म्हणजे खरी आहे ना?" विमलताईंनी विचारलं.

"जवळजवळ दोन हजार वर्षांची खरी."

"आणि ही बाई कोण?"

"कुणी म्हणतात शांतीची देवी, कुणी म्हणतात बादशहाची आई."

"मग आमचं काय चुकलं?" म्हणत त्या अशा मान ताठ करून हसल्या, की मलाच भरून आलं.

प्रकाशने दोन्ही हातांनी देवी उचलून नव्या देव्हाऱ्यात मधोमध ठेवली. "उद्या त्या सोनाराला सांगतोच," तो म्हणाला.

"सांगू नको. घेऊन ये त्याला. पाया पडू दे."

निघताना मी मुद्दाम त्यांच्या सासूबाईंचं नाव विचारून घेतलं.

परतीच्या बसमध्ये टिपणवही उघडली. अशा नाण्यांच्या 'स्थिती' या रकान्यात मी आयुष्यभर नाक मुरडून 'झिजलेले' एवढंच लिहीत आले. या वेळी लिहिलं, 'एक बाजू पूजेने झिजलेली'. त्याखाली बादशहाचं नाव घातलं आणि कुणी मागितलेलं नसताना त्याच्या शेजारी घासणाऱ्या दोघींची नावंही लिहिली. लक्ष्मीबाई. विमल.