पार्सलावरचं नाव

त्या दुष्काळात मालक धाकट्या दीर-जावेबरोबर ऊसतोडीला गेले. सासूबाईंना दिसत नव्हतं म्हणून मी मागं राहिले. दिवसभरात बोलणं व्हायचं ते त्यांच्याशीच, आणि त्याही बहुतेक झोपून असायच्या.

एकदा सोसायटीतून साखर आणली. पुडीच्या कागदावर पुण्याच्या एका दुकानाची जाहिरात होती, गोष्टींच्या पुस्तकाची. मी चौथी शिकलेली. कागद चुलीत न घालता फडताळात ठेवला आणि बाजाराच्या दिवशी पाटोद्याला जाऊन मनिऑर्डर केली. पत्त्यात मालकांचं नाव लिहिलं. आमच्या घरी जे काही यायचं ते त्यांच्याच नावानं यायचं.

महिना गेला तरी पुस्तक येईना. शेवटी पोस्टमनला दाराआडून विचारलं. ते म्हणाले, मालकांचं पार्सल आलं होतं, ते कारखान्यावर लावून दिलं. तोडीला गेलेल्या सगळ्यांचंच टपाल ते तिकडं पाठवत. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पाडव्याच्या सुमारास मंडळी परत आली. पुस्तक भांड्यांच्या पोत्यातून निघालं. त्याच्यावर उसाचा रस सांडला होता. मधली पानं चिकटली होती, त्यांत मुंग्या मेल्या होत्या. मालक म्हणाले, कुणी धाडलं ते कळलंच नाही, पण शेजारच्या कोपीतली, पाचटाच्या झोपडीतली, एक बाई संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवायची. लई चांगलं वाचायची.

मी भाकरी थापत होते. हात थांबला.

"ते माझं हाय. म्याच मागवलं व्हतं."

त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं. "मंग माझं नाव काहून टाकलंस?"

मी भाकरी तव्यावर टाकली.

चिकटलेली पानं वाफेवर धरली, तर ती फाटली. त्यांत काय होतं ते मालकांना आठवेना. म्हणून तेच पुस्तक पुन्हा मागवलं, या वेळी नुसतं माझं नाव आणि गाव लिहून. लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव. त्यानंतर ते कुणी घेतलं नव्हतं. सासूबाई सूनबाई म्हणायच्या, गल्ली थोरली म्हणायची.

वैशाखात आम्ही बायका टँकरपाशी घागरी लावून उभ्या होतो. पोस्टमन सायकल ढकलत आले. हातातल्या पार्सलाचा कोपरा फाटला होता, आतला निळा पुठ्ठा दिसत होता. त्यांनी नाव वाचलं आणि ही कोण म्हणून विचारलं. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. माझ्या जावेनंच सांगितलं, "या नावाचं गावात कुणी न्हाई."

त्यांनी पार्सल पिशवीत टाकलं. परत लावून देतो म्हणाले. माझ्या पुढं दोनच घागरी राहिल्या होत्या. त्यांनी सायकलवर टांग टाकली तशी मी घागर तिथंच सोडून रांगेबाहेर आले.

"म्या हाय ती."

"जाऊबाई, तुमचं नाव हे हाय व्हय?" जाऊ म्हणाली. बायका हसल्या, मीही हसले. सही करून येईपर्यंत टँकर संपला होता. जावेनं तिची अर्धी घागर माझ्या घागरीत ओतली.

दुपारी ती मधली पानं मी मोठ्यानं वाचली. त्यांत फारसं काही नव्हतं. एक बाई बाजाराला जाते आणि परत येते. सासूबाई झोपल्या होत्या.

मालक आल्यावर मी त्यांना विचारलं, त्या कोपीतल्या बाईचं नाव काय होतं.

त्यांना माहीत नव्हतं.