साबुदाण्याचं प्रायश्चित्त

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब देवाच्या विसाव्यावर संदेश, म्हणजे प्रवचन, देत असताना मी पुरुषांच्या रांगेतून उठलो, बायकांच्या सतरंजीवर गेलो आणि भिंतीला टेकून झोपलेल्या माझ्या बायकोला हलवून जागं केलं. सगळ्या मंडळीदेखत. ही माझी चूक.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आठवडाभर ती कापूस वेचत होती आणि त्या दिवशी पाळकसाहेबांच्या जेवणासाठी अंधारात उठली होती, हे मला ठाऊक होतं. पण कळमनुरीकडच्या आमच्या खेड्यात लुथरन ख्रिस्ती घरं मोजकीच. देवाच्या अब्रूची काळजी देवापेक्षा मलाच जास्त. पुढच्या रविवारपासून ती भिंत सोडून मधोमध ताठ बसू लागली, डोळे ताणून. ते मला बघवेना.

माफी मागायची सोडून मी दर रविवारी उपवास धरला. आजोबांनी धर्म बदलला होता, पण उपवास म्हटला की आमच्या घरात अजून साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटीच लागायची. प्रायश्चित्त मी करायचो, दोन स्वयंपाक ती करायची. कित्येक महिने मला यात काही खटकलं नाही.

एकदा आमच्या घरी जेवताना पाळकसाहेब माझ्या ताटाकडे बघत राहिले. “उपवास कशाचा?”

“पापाचा,” मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

“त्या दिवशी माझा संदेश एकट्या बाईंनाच लागू पडला होता,” ते म्हणाले. “त्यांनाच तुमी उठवलं. आन् क्षमा ख्रिस्तानं कवाच देऊन टाकली, ती तुमी काहून कमवून राहिले?”

“फुकटचं पचत न्हाई, साहेब.”

“आन् ही खिचडी पचती?”

ते गेल्यावर बायको अंगणात भांडी घासत बसली. मी शेजारी उभा राहून सुरुवात केली. माझा अहंकार, माझं पापी मन, मनुष्याची दुर्बलता.

“अवो, माफी मागून राहिले का संदेश देऊन राहिले?” ती म्हणाली. “मी तर तवाच सोडून दिलं व्हतं.”

“मग सांगितलं काहून न्हाई?”

“साबुदाणा भिजू घालायचा व्हता.”

मी तिच्या हातातली कढई काढून घेतली.

“त्या दिवशी तुला उठवलं, चुकलं माझं,” मी म्हणालो. “जा, पड जरा.”