गिटार उशिरा येते

“कोणतं भजन आहे गं हे? ऐकून शांत वाटतंय,” माझ्या मागे बसलेल्या बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या. “साउथचं असेल,” शेजारीण म्हणाली. मी वळून पाहिलं नाही. हेमंतदादाचं बेसणं होतं. सुरतेत आमच्या मराठी घरांतही आता शोकसभेला बेसणंच म्हणतात. गोडादऱ्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, समोर हार घातलेला दादाचा फोटो आणि फोटोशेजारी त्याचाच काळा स्पीकर. भजन लावायचं म्हणून मामीने, दादाच्या आईने, त्याचा मोबाईल हातात घेतला होता. तो गेल्यापासून त्या मोबाईलला ती कुणाला हात लावू देत नव्हती. तिने स्वतःच स्क्रीनवरचा त्रिकोण दाबला आणि दादाने शेवटचं जे ऐकलं होतं ते सुरू झालं. आधी नुसता बायकांचा कोरस, शब्दांशिवाय, लांबून येणारा. मग हळूच व्हायोलिन आणि एका गायिकेचा खालचा सूर, शब्द न कळणारा. लोकांनी हात जोडले. हे काय आहे आणि यापुढे काय येणार आहे, ते त्या हॉलमध्ये एकट्या मला माहीत होतं…

हेमंतदादा माझा मामेभाऊ. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवतात तिथे, सुपरवायझर होता. काविळीचं निमित्त झालं आणि गेला. या गोष्टीला काही आठवडे झालेत, तरी कुणी विचारलं तर मी अजून “पलसाण्याला असतो” असंच म्हणते. उत्तर युरोपातल्या एका बँडवर त्याचा फार जीव. सिम्फॉनिक पॉवर मेटल म्हणतात त्या प्रकाराला. धडधडणारे ड्रम्स, सुसाट गिटार आणि त्यावर अख्खा ऑर्केस्ट्रा. मामा पॉवरलूमवर कामाला, घर खात्याच्या, म्हणजे लूमच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून, त्यामुळे दादाला आवाजाचं काही वाटायचंच नाही. उलट लाइट जाऊन लूम थांबले की तो झोपेतून जागा व्हायचा. त्याचं गाणं सुरू झालं की मामी स्वयंपाकघरातून अहिराणीत विचारायची, “हाई लगीन शे का भांडन?” तो म्हणायचा, “दोन्ही शे, माय.”

मी इंग्लिश मीडियमची म्हणून गाण्यांचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेतही फारसं बोलायचे नाही, पण त्याच्याजवळ बसून समुद्र, वादळ, हरवलेली राज्यं असं सगळं समजावून सांगायचे. तो गंभीरपणे मान हलवायचा. “मला वाटलंच होतं,” म्हणायचा. त्याला काहीएक वाटलेलं नसायचं. इयरफोनचा डावा कान माझा, उजवा त्याचा, हे कधी ठरलं आठवत नाही. त्यामुळे मला व्हायोलिन जास्त ऐकू यायची आणि त्याला चेलो. कधी एखाद्या ठिकाणी तो डोळे मिटून घ्यायचा आणि माझ्या कानात तिथे विशेष काहीच नसायचं.

मग त्या बँडचा नवा अल्बम आला. दादाने कित्येक महिने त्याची वाट पाहिली होती. रविवारी गच्चीवर आम्ही तो ऐकला. दादा, मी आणि त्याचा मिलमधला मित्र जिग्नेश. (पाळीमुळे जिग्नेशला बेसण्याला येता आलं नाही.) पहिल्याच गाण्यात अर्ध्यापर्यंत गिटार नव्हती. गायिका पूर्वी टिपेला जाऊन गायची, ती आता अगदी खालच्या सुरात, जवळ बसून सांगितल्यासारखी गात होती. पुढच्या गाण्यात कुठलेसे लोकसंगीतातले ढोल आले आणि जिग्नेश उठलाच. “पती गयुं, हेमंत. तारो बँड पती गयो. आ तो गरबा थई गयो.” बँड संपला, म्हणे.

“गरब्यात सगळ्यात पुढे तूच असतोस ना रे,” दादा म्हणाला. जिग्नेश हसला, पण आपलं म्हणणं त्याने सोडलं नाही. माणसांचं वय झालं, पैसा आला, जोर गेला, असं त्याचं मत. दादाने ते गाणं संपू दिलं. मग म्हणाला, “आधी सगळं एकदम ओतायचे. आता थांबायला शिकलेत. जोर आहे रे, पण तो येईपर्यंत बसावं लागतं.” आणि माझ्याकडे वळून, “तू सांग. तू बोलत नाहीस, पण ऐकतेस नीट. जोर गेला का?”

“अजून ऐकतेय,” मी म्हणाले. खरंच ऐकत होते. मला तो अल्बम आवडलाय की जुना बँड हरवल्याचं वाईट वाटतंय, तेच कळत नव्हतं.

“ऐक. घाई नाही,” तो म्हणाला.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटले तेव्हाही त्याने डावा इयरफोन माझ्यापुढे धरला. डोळे पिवळे झाले होते, हात हलका झाला होता. तेच पहिलं गाणं लावलं. गिटार यायच्या आत नर्स आली, भेटायची वेळ संपली होती. “ठरलं का मग?” त्याने विचारलं. मी मानेनेच, अजून नाही, म्हटलं आणि तो हसला… आता मी दोन्ही कानांत इयरफोन घालून ऐकते. उजवीकडे, गायिकेच्या आवाजाखाली, चेलोची एक ओळ सबंध गाणंभर चाललेली असते. इतकी वर्षं ती त्याच्याकडे होती. तो डोळे का मिटायचा ते कळतं, आणि ते सांगायला बाजूला कुणी नसतं.

बेसण्यात त्याच पहिल्या गाण्यातला कोरस ओसरला, गायिकाही थांबली. व्हायोलिन थांबली. ती छोटी शांतता मला पाठ होती. मी चादरीचं टोक मुठीत धरलं. आणि ड्रम्स आले, त्यांच्यावर गिटार, सगळं एकदम, आणि मागून तोच कोरस पुन्हा, पण आता पूर्ण ताकदीने. मागच्या बाई दचकल्या. पुढे बसलेले एक काका स्पीकरकडे जायला उठले. “चुकी गयं व माय,” म्हणत मामी मोबाईल चाचपू लागली. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. मी उठून उभी राहिले. इतक्या लोकांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

“बंद करू नका, मामी,” मी म्हणाले. “दादाचं गाणं आहे. यात गिटार उशिरा येते, पण येते. पूर्ण होऊ द्या.”