पाच व्होल्ट
सोल्डरिंगचा वास आला की दिंडोशीतली आमची गच्ची आठवते. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सरांनी विश्वासानं दिलेला, सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारा जीपीएस रिसीव्हर घेऊन मी आणि मैत्रीण उन्हात बसलो होतो. तारा तिनं सोल्डरिंग करून, म्हणजे वितळलेल्या धातूनं, जोडल्या होत्या. ती पाणी आणायला खाली गेली आणि मी घाईघाईत त्याला तीन व्होल्टच्या जागी पाच व्होल्ट दिले. रिसीव्हरचा दिवा विझला तो कायमचाच. दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "सोल्डरिंग हिचं होतं, सर." आपल्याच चुकीमुळे तो जळला, असं तिला खरंच वाटलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "यापुढे सोल्डरिंग तूच कर गं, माझा हात चांगला नाही." त्यानंतर तिनं सोल्डरिंग केलंच नाही, आणि मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.