काजाचा वर्ग आणि माझं पत्रक

छंद या शब्दाचा मला राग आहे. मैसूरला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा आम्ही जमतो आणि चहाच्या दुसऱ्या कपाला कुणीतरी म्हणतंच, पूर्वी मी किती चित्रं काढायचो, पूर्वी मी पेटी वाजवायचे. मग सगळे सुस्कारे टाकतात. पेटी कपाटावर आहे, हात धडधाकट आहेत, संध्याकाळी दोन तास फोन बघायला वेळ आहे, तरी दोष कशाला द्यायचा, तर मोठं होण्याला. यांच्या आठवणी सगळ्या सुट्टीच्या. वर्गात मागच्या बाकावर कायम कुणाला बसवलं जायचं आणि सगळे गच्चीवर पत्ते खेळताना खाली भांडी कोण घासत होतं, हे एकालाही आठवत नाही.

माझ्या आठवणी पत्रकांच्या आहेत. आई-वडील दोघंही यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. घरात गोष्टीच्या पुस्तकाआधी पत्रकं आली. पाठकोऱ्या पत्रकांवर मी गणितं सोडवली. मला वाचता आलेले पहिले दोन शब्द 'जाहीर निषेध'. त्यामुळे राग आला की मी कागद ओढते. ही सवय चांगली आहे असं मी या वर्षापर्यंत मानत होते.

मी जयलक्ष्मीपुरममध्ये खोली घेऊन राहते आणि दिवसभर यंत्रांची माहितीपुस्तकं तपासते. दोन वर्षांपूर्वी एक सदरा दुरुस्त करायला बाजारामागच्या गल्लीत गेले, तिथे शिवणाऱ्या मावशी भेटल्या. साठीच्या पुढच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या मैसूरचं. मशीनच्या वर विठोबाची तसबीर आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. त्या हातानं काज करायच्या. कापड कापून, त्याच्या कडेला मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके असे लावायच्या की काज शर्टापेक्षा जास्त टिकेल. मी म्हटलं, मला शिकवा. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी त्यांच्या बाकावर. त्या माझं काम डोळ्यांजवळ धरायच्या, "नोडु, बघ, दोरा सैल सोडलीस" म्हणायच्या आणि सगळं उसवायला लावायच्या. त्या दोन वर्षांत मी शिवलं त्याहून जास्त उसवलं. तो छंद नव्हता. कुणीतरी माझं काम गंभीरपणे घेत होतं.

तयार कपड्यांमुळे त्यांच्याकडे काजाचं काम येईनासं झालं होतं. मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो, सुनेला मशीनचा आवाजही नको. एकदा त्या म्हणाल्या की आपले हात थकले की हे काज संपलं. दूध संपलंय म्हणावं तसं म्हणाल्या. त्यांना शिकणारी माणसं हवी होती, एवढंच.

म्हणून मंडळाच्या सचिवांनी 'छंदवर्ग' सुरू करायचं काढलं तेव्हा मी मावशींचं नाव सुचवलं. सचिव खूश झाले. अस्सल, जुनं, हातचं, असे तीन शब्द त्यांनी एका दमात वापरले. रविवारची तारीख ठरली, फलक छापला. मावशींनी पांढऱ्या कापडाचे सारखे तुकडे कापून ठेवले, सुया वेगळ्या काढल्या. मग त्यांनी पंचांग बघितलं. त्या रविवारी एकादशी होती आणि त्यांच्या घरात एकादशीला सुई-कात्रीला हात लावत नाहीत.

तारीख मीच पक्की केली होती. आमच्या घरच्या कॅलेंडरवर संपाच्या तारखा असायच्या, एकादश्या नसायच्या. चूक कबूल करायची सोडून मी वाद घातला. सुईला तिथी कळते का, असं विचारलं.

"सुईला कळत नाही. मला कळते," त्या म्हणाल्या.

मी सचिवांना तारीख बदलायला सांगितलं. आषाढीला ज्यांच्या फोनवरून साबुदाण्याच्या खिचडीचे फोटो सगळ्यांना जातात, ते म्हणाले की पहिल्याच दिवशी नखरे असतील तर पुढे कसं व्हायचं. बैठकीत दुसऱ्या एका गृहस्थांनी भर घातली की नाहीतरी या बाईंचं मराठी अर्धं कन्नड, मुलांच्या कानावर चांगली भाषा पडायला हवी. यांची स्वतःची मुलं घरी इंग्रजीत भांडतात. मी उठून आले आणि दोन संध्याकाळी बसून पत्रक लिहिलं.

पत्रक जोरदार झालं होतं. संस्कृती खिचडीपुरती उरलेल्यांचा जाहीर निषेध. मधल्या परिच्छेदात मावशी होत्या: धंदा बुडालेली, लाचार, वृद्ध कष्टकरी स्त्री, जिला या सुखवस्तू मंडळींनी दारातून हाकललं. झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढल्या आणि तिसऱ्या दिवशीच्या मासिक सभेला सभागृहाच्या दारात उभं राहून एकेकाच्या हातात दिल्या. सचिवांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की कालच संध्याकाळी ते मावशींच्या दुकानात जाऊन आले होते. वर्ग एक आठवडा पुढे ढकलायचं ठरलं होतं. सभा संपेपर्यंत समितीनं ठरवलं, वर्गच नको.

मी ते दोन दिवस दुकानाकडे फिरकलेच नव्हते. लिहीत होते.

शनिवारी गेले तर पत्रक मशीनवर कात्रीखाली ठेवलेलं. मंडळातल्या एक बाई ते घेऊन आल्या होत्या, सोबत जुन्या कपड्यांची पिशवी, गरजूंसाठी म्हणून. मावशी देवनागरी भजनाच्या वहीपुरती वाचतात. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे लाचार कोण?"

मी पत्रक उचलायला गेले, त्यांनी बोट काढलं नाही.

"मी कधी झाले लाचार? तू लिहिलीस तेव्हा?"

मी म्हटलं की मी त्यांच्यासाठी भांडले.

"मला विचारलीस? भांडण तुझं. वर्ग माझा होता, अल्वा? होता ना?"

मी सचिवांच्या घरी गेले. मला मंडळातून काढा, पण त्यांचा वर्ग ठेवा, म्हणाले. त्यांनी मला पाणी दिलं आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की तो रविवार आता मेणबत्त्यांच्या वर्गाला दिला आहे. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण त्या घराच्या पायऱ्या उतरताना मला त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त संताप आला होता, आणि त्याची मला सवय नव्हती.

पुढच्या शनिवारी मावशी म्हणाल्या, "कागद काढायला येतो ना तुला? काढ मग." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. काज शिकवणार. शनिवारी दुपारी, दुकानातच. एकादशी सोडून. मी खाली एक ओळ घातली, कुणाच्याही उपकाराशिवाय. त्यांनी सुनेकडून वाचून घेतलं आणि ती ओळ खोडायला लावली. वर तेच कन्नडमध्ये सुनेनं लिहिलं. मी गल्लीतल्या दुकानांत आणि बसस्टँडवर कागद लावले.

चौघी आल्या. बन्नूरहून बसनं कॉलेजला येणाऱ्या दोन मुली, शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली सून आणि एक निवृत्त शिक्षिका. मंडळातलं कुणी नाही. बाक चौघींनीच भरला. मी दारात उभी राहून विचारलं, मी कुठे बसू.

मावशींनी वर बघितलं नाही. बन्नूरच्या मुलीच्या बोटात अंगुस्तानाची टोपी चढवत म्हणाल्या, "तुला काज येतं. आता यांना बसू दे."

काज येतं, असं त्या मला दोन वर्षांत एकदाही म्हणाल्या नव्हत्या.