काष्ट्यापुरता हात

व्यायामाच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक बाप्या बसला होता. लकव्यानं त्याचा उजवा हात गेलेला. त्याच हातानं केस विंचरायला बघायचा, कंगवा पडायचा, वाकून पुन्हा उचलायचा. बायको म्हणाली, "आणा हिकडं, मी विंचरते." तर म्हणतो कसा, "डोकं माझं हाय नव्हं?"

मला हसू आलं. माझंबी तेच चाललंय.

गोठ्यात घसरून माझा खांदा मोडला, तवापासून हात पाठीमागं जात न्हाई. हात मागं गेल्याबिगर लुगड्याचा काष्टा खोवता येत न्हाई. सून रोज खोवून देती. गुणाची हाय. म्हणती, "आत्या, गाऊन घाला की, सुटसुटीत." म्हटलं, "सरणावर घालीन."

मालक गेले, गाव धरणात गेलं, समदं सोसलं. मोठ्या दुखण्याला माणूस कंबर बांधून उभं ऱ्हातं. पण आपलं लुगडं दुसऱ्यानं नेसवावं, एवढुसं काय सोसत न्हाई.

व्यायाम घेणारी पोरगी दोन्ही हातांनी पाठीमागं टॉवेल धरायला लावती. चांगल्या हातानं वडायचा, म्हंजी मोडका हात मागं सरकतो. "आजी, लई दुखलं की थांबा हं."

"थांबले तर हात हितंच ऱ्हाईल, बाई."

आज बोटं कुशीवरनं मागं गेली. काष्ट्याची जागा अजून वीतभर लांब हाय. उद्या सुनंला सांगणार, तू नुसती उभी ऱ्हा. मी वरडले तरी हात लावू नको.