जिभेवरचं नाव

कॉलेजच्या संगणक विभागातल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे 'टेकताई' म्हणत. कोणाचं सॉफ्टवेअर उघडेना, की त्यांच्याकडे धाव. गणिताचे म्हातारे सर तर त्यांचं रोजचं गिऱ्हाईक.

"ताई, पासवर्ड पुन्हा पळाला!" म्हणत ते दारात उभे राहायचे.

"त्याला दावं बांधा की, सर!" असं म्हणून टेकताई नवा करून द्यायच्या. शेवटी त्यांनी विचारलं, "जन्मात विसरणार नाही असं एखादं नाव सांगा." सरांनी लाजत बायकोचं नाव सांगितलं. मग बरेच दिवस ते फिरकले नाहीत, आणि टेकताईंना हायसं वाटलं.

एका दुपारी ते आले ते गुपचूप खुर्चीत बसले.

"सर, काकूंचं नाव टाका ना, तोच पासवर्ड."

सरांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "आत्ता जिभेवर होतं हो," ते पुटपुटले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

हा विसराळूपणा नव्हे, हे टेकताईंना कळून चुकलं. त्यांनी सरांना पाणी दिलं आणि बाहेर जाऊन त्यांच्या घरी फोन लावला.

सरांची बायको धापा टाकत आली. सगळं ऐकून ती दाराशीच बसली. "घरी मला नुसतं 'अगं' म्हणतात हो," ती म्हणाली, "नाव गेलंय हे मला कळणार कसं?"

त्यानंतर सर कॉलेजात आले नाहीत. त्यांचं खातं बंद करायचं काम टेकताईंकडेच आलं. ते करताना त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं.